कुंडलिकेच्या मुखावरचे चौल-रेवदंडा

अलिबागच्या दक्षिणेस सुमारे १७ किलोमीटरवर कुंडलिका नदी समुद्राला मिळते आणि तिच्या खाडीच्या उत्तर काठावर चौल व रेवदंडा ही जोडगावे वसली आहेत. त्यांपैकी चौल किंचित आत, तर रेवदंडा थेट मुखाशी आहे. कान्हेरीच्या लेण्यांतील शिलालेखांत ‘चेमुल’ म्हणून येणारे चौल हे वाऱ्यालाटांपासून सुरक्षित अशा खाडीच्या आडोशाने वाढलेले बंदर होते. शिलाहारांच्या काळात, इ. स. ९१६ च्या सुमारास, अरब प्रवासी अल्-मसूदी याने तेथे मुसलमान व्यापाऱ्यांची मोठी वस्ती पाहिली. पुढे अरबस्तान व इराणच्या आखातातून आलेले घोडे येथे उतरून घाटमार्गे दख्खनच्या सुलतानांकडे जात.

पोर्तुगीज आल्यावर मात्र आडोशापेक्षा खाडीच्या मुखावरील ताबा मोलाचा ठरला. १५०८ मध्ये इजिप्त व दीव यांच्या संयुक्त आरमाराशी याच खाडीत झालेल्या लढाईत पोर्तुगीज व्हाइसरॉयचा मुलगा लोरेन्सो द अल्मेदा मारला गेला. त्यानंतर १५२१ मध्ये निजामशहाच्या परवानगीने पोर्तुगीजांनी रेवदंड्याला किल्ला बांधायला घेतला, आणि जुने चौल निजामशाहीकडे तर मुखावरचे नवे चौल पोर्तुगीजांकडे अशी विभागणी झाली. समोरच्या काठावरील कोर्लईची टेकडी समुद्रात सोंडेसारखी घुसलेली असल्याने तिच्यावर तोफा चढवणाऱ्याच्या हाती बंदराच्या नाड्या जात. म्हणूनच निजामशाहीने तेथे बांधायला घेतलेला किल्ला पोर्तुगीजांनी १५९४ मध्ये जिंकून घेतला.

पुढे गाळाने खाडी उथळ होत गेली, मुंबईच्या खोल बंदराकडे व्यापार वळला, आणि वसईत पोर्तुगीजांचा पराभव झाल्यानंतर १७४० मध्ये रेवदंडा व कोर्लई मराठ्यांकडे आले. आज रेवदंड्याच्या तटाच्या आत नारळी-पोफळीच्या वाड्या आहेत; त्यांच्या पाटाच्या पाण्याशेजारीच चर्चच्या भिंती आणि सातखणी मनोऱ्याचे उरलेले मजले उभे आहेत. कोर्लईतील कॅथलिक कुटुंबांनी मात्र पोर्तुगीज सत्ता गेल्यानंतरही पोर्तुगीज-मराठी संपर्कातून घडलेली आपली बोली टिकवली. तिचा शब्दसंग्रह मुख्यतः पोर्तुगीज असला, तरी क्रियापद वाक्याच्या शेवटी आणणारी तिची रचना शेजारच्या मराठीच्या वळणाची आहे.