कुंपणातील बिऱ्हाडे

रंगपंचमीची गेर आटोपली की आम्हां इंदूरकर मराठी मंडळींच्या घरांतून पाडव्याच्या साफसफाईची लगबग सुरू होते. माळे-कोनाडे झाले की पाळी येते अंगणाची. मेंदीचे कुंपण कातरायचे, मधुमालतीचा गुंता सोडवायचा, जास्वंद छाटायची. नेमक्या याच दिवसांत त्या पालवीत दुसऱ्या कुणी बिऱ्हाड थाटलेले असते, हे मात्र सहसा आपल्या ध्यानी येत नाही.

लालबुड्या बुलबुल कुंपणातच, कमरेएवढ्या उंचीवर, काड्यांची वाटी विणतो. शिंपी रुंद पानांच्या कडांना चोचीने भोके पाडून कापसाच्या व कोळिष्टकांच्या धाग्यांनी ती शिवतो आणि त्या द्रोणात आपले घरटे दडवतो. शिंजिराचे घरटे तर फांदीला लोंबणारे, वाळक्या पानांचे तुकडे कोळिष्टकाने चिकटवून केलेले असते. शत्रूची नजर चुकवावी म्हणून केलेली ही युक्ती कधी कधी त्याच्याच जिवावर उठते. कारण जळमट समजून आपण त्यावर झाडू फिरवतो.

घरट्याला धक्का न लावता केवळ भोवतालच्या फांद्या छाटल्या, तरीही घात होतोच. पानांचा आडोसा गेला की माळव्याचे रणरणते ऊन थेट अंड्यांवर येते. कावळ्याला आणि मांजराला वाट मोकळी होते ती निराळीच.

आणि आपणांस थांबावयाचे तरी किती? बुलबुल सुमारे १४ दिवस अंडी उबवतो. पुढे १२ दिवसांच्या आसपास पिल्ले घरटे सोडतात. शिंप्याचा संसारही जवळपास एवढ्याच मुदतीचा. म्हणजे महिनाभराचा धीर पुरे.

म्हणून कातरी चालविण्यापूर्वी घटकाभर दुरून पाहावे. एखादा पक्षी चोचीत काडी किंवा अळी घेऊन वारंवार एकाच झुडपात शिरत असेल, तर तेवढा भाग सोडून बाकीचे काम करावे. माळीदादांनाही ती जागा आवर्जून दाखवावी. मोठी छाटणी पावसाळा सरल्यावर, हिवाळ्यात करावी. त्या वेळीही आधी डोकावून पाहावे, कारण होल्यासारखे पक्षी बारमाही घरटी करतात. पिसे न फुटलेले पिल्लू खाली पडले, तर ते अलगद घरट्यात ठेवावे. माणसाचा हात लागलेल्या पिलाला आई टाकते, हा निव्वळ गैरसमज आहे. पिसे फुटलेले, उड्या मारणारे पिल्लू मात्र उचलू नये. त्याचे आईबाप जवळच असतात. मांजर तेवढे दूर ठेवावे.

१९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने वन्य पक्ष्यांची अंडी नष्ट करणे, तसेच अंड्यांना वा घरट्यांना उपद्रव देणे, याचा समावेश ‘शिकार’ या शब्दाच्या व्याख्येतच केला आहे. परंतु आपल्याला कायद्याचा धाक कशाला हवा? भरल्या घरातील बाळंतिणीला त्रास होऊ नये म्हणून आपण पावलांचाही आवाज जपतो. कुंपणातील या लेकुरवाळीसाठी महिनाभर कातरी खुंटीला टांगून ठेवणे काही जड नाही. पाडव्याला अंगण थोडे अस्ताव्यस्त दिसले, तरी ते नांदते दिसेल.