डिस्क घेताना उजेडात धरून बघा

धुळे-जळगावच्या बाजारात एके काळी अहिराणी गाण्यांच्या आणि खान्देशी विनोदी सिनेमांच्या व्हीसीडी हातोहात खपत. शेजारच्या मालेगावात स्थानिक कलाकारांनी केलेले सिनेमेही असेच घरोघरी पोहोचले. त्यांतले काही आज फक्त डिस्कवरच उरले असतील, म्हणून त्या पारखून घ्याव्यात आणि जपाव्यात.

आधी व्हीसीडी की डीव्हीडी ते बघा. व्हीसीडीत जेमतेम 74 ते 80 मिनिटे मावतात, म्हणून मोठा सिनेमा दोन-तीन डिस्कवर येतो. सगळ्या आहेत ना, ते मोजा. डीव्हीडीची साधी क्षमता 4.7 जीबी, चित्रही जास्त रेखीव.

मग डिस्क उजेडात तिरकी धरा. खालच्या बाजूचा बारीक ओरखडा बहुधा चालतो, कारण व्हीसीडीत लेसर 1.2 मिलिमीटर प्लास्टिकमधून आतल्या थरावर केंद्रित होतो. व्हीसीडीचा चकाकणारा थर मात्र छापील बाजूच्या अगदी खाली असतो. तिथे खरवडलेले असेल आणि आरपार उजेड दिसत असेल, तर तेवढा सिनेमा कायमचा गेला.

पुसताना मऊ कापड मधून कडेकडे सरळ फिरवा, गोल नको. आणि घरातल्या जुन्या व्हीसीडींची आजच एक प्रत करून ठेवा.