डागांची गोष्ट – भाग ६ : शाई, मार्कर आणि मळीचं स्पिरिट

दहावीचा शेवटचा पेपर सुटला की नगरच्या शाळांबाहेर पोरं एकमेकांच्या पांढऱ्या शर्टांवर मार्करने सह्या करतात. आठवण म्हणून शर्ट जपायचा असेल तर प्रश्नच नाही. पण ज्या घरात तोच शर्ट जूनमध्ये धाकट्याने घालायचा असतो, तिथे आईच्या पोटात गोळा येतो. आणि ती पहिली धाव घेते ती मोरीकडे, पाणी अन् साबण घेऊन.

इथेच चूक होते. मार्करची आणि बॉलपेनची शाई पाण्यात विरघळत नाही. पाणी पडलं की डाग हलत नाही, साबणाने चोळला की तो आजूबाजूला पसरतो. त्यातून आपल्याकडचं बोअरचं जड पाणी. त्यातल्या क्षारांमुळे साबणाला फेस येत नाही, उलट साका धरतो.

भाच्याच्या खिशात बॉलपेन फुटलं, तेव्हा मी तो शर्ट पाण्यापासून लांब ठेवला. खिशाच्या आत जुन्या बनियनची घडी सरकवली आणि मेडिकलमधून आणलेल्या सर्जिकल स्पिरिटचा बोळा वरून टेकवला. काही सेकंदांत निळा डाग फुलला आणि त्याचे दोन रंग झाले, मध्ये जांभळा अन् कडेला आकाशी. बॉलपेनचा निळा हा एकच रंग नसतो. त्यातले रंग स्पिरिटबरोबर कापडातून कमीजास्त वेगाने सरकतात, म्हणून वेगळे होतात. खालची घडी रंग शोषून घेत होती. ती पाच वेळा बदलली. बोळा कडेकडून मध्याकडे टेकवायचा, घासायचा नाही. शेवटी डिटर्जंट लावून गार पाण्यात धुतला, तेव्हा खिसा पुन्हा पांढरा झाला.

हे स्पिरिट आपल्याला परकं नाही. १९५०-५१ च्या हंगामात प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना सुरू झाला आणि पुढे जिल्हाभर कारखाने उभे राहिले. साखर काढून उरलेली काळी मळी आंबवली, उकळून तिची वाफ थंड केली की स्पिरिट मिळतं. करोनात राज्यातल्या साखर कारखान्यांनी सॅनिटायझर केलं, ते याच मळीच्या जोरावर. घरात साधं सॅनिटायझर असेल तर तेही चालतं. दुधात भिजवण्याचा उपाय मात्र मला पटत नाही. डाग राहतो आणि वर आंबूस वास चिकटतो.

पर्मनंट मार्करलाही स्पिरिटच लावायचं, मात्र त्यातली राळ रंगाला कापडाशी चिकटवून धरते, म्हणून दोन-तीन वेळा करावं लागतं. फाउंटन पेनची साधी निळी शाई पाण्याची. ती लगेच गार पाण्याखाली धरली की बरीचशी जाते. दांडेकर बंधूंनी १९३१ साली मुंबईत शाईचा उद्योग सुरू केला, तेव्हापासून आपल्याकडच्या किती गणवेशांनी ही शाई पचवली असेल! जुनी निळी-काळी शाई वेगळी. तिच्यात लोह असतं. अकोले तालुक्याच्या डोंगरात मिळतो तो हिरडा आणि हिराकस एकत्र आले की अशीच काळी शाई होते. तिच्यावर लिंबू आणि मीठ लावावं. ब्लीच कधीही नको, काळा डाग जाऊन गंजासारखा पिवळा राहतो.

जेल पेन सगळ्यात चिवट. अनेक जेल पेनांत रंगाचे न विरघळणारे बारीक कण असतात आणि ते धाग्यात अडकून बसतात. तिथे डाग फिका करण्यावर समाधान मानावं. निवडणुकीत १९६२ पासून बोटाला लागते त्या शाईत सिल्व्हर नायट्रेट असतं. ती कपड्यावर पडली तर उजेडात काळी होते आणि स्पिरिटला दाद देत नाही.

दोन गोष्टी जिवाच्या आहेत. स्पिरिट पेट घेतं, म्हणून स्वयंपाकघरात हे काम नको. खिडकी उघडी ठेवा. आणि नेलपॉलिश रिमूव्हर वापरायचाच असेल तर आधी शिवणीच्या आत थेंब टाकून बघा, कारण अ‍ॅसिटोन काही कृत्रिम कापडं अन् प्लास्टिकची बटणं विरघळवतो.

पुढच्या रविवारी गंजाचे डाग बघू. तोवर एवढं करा: डाग पूर्ण गेल्याची खात्री झाल्याशिवाय शर्टावर इस्त्री फिरवू नका. उष्णतेने बसलेली शाई मग स्पिरिटलाही सहसा सुटत नाही.