इडली दिन : तारीख सर्वांची, लाभ कोणाचा?

चेन्नई, २९ मार्च : दरवर्षी ३० मार्च हा ‘जागतिक इडली दिन’ म्हणून साजरा होतो. उपाहारगृहे सवलती जाहीर करतात, समाजमाध्यमांवर छायाचित्रांची रेलचेल होते. मात्र या दिवसाला संयुक्त राष्ट्रांची मान्यता नाही. तो चेन्नईतील एका इडली व्यावसायिकाच्या पुढाकारातून सुरू झाला आहे.

दिवस कसा सुरू झाला?

कोइम्बतूरहून आलेल्या एम. इनियवन यांनी चेन्नईत ‘मल्लीपू इडली’ या नावाने केवळ इडलीचा व्यवसाय केला. २०१५ मध्ये त्यांनी १,३२८ प्रकारच्या इडल्या आणि ४४ किलो वजनाची एक महाकाय इडली तयार केली. तेव्हापासून ३० मार्च ही तारीख रूढ झाली.

महाराष्ट्रातही याच धर्तीचे उदाहरण आहे. २३ ऑगस्ट हा ‘जागतिक वडापाव दिन’ मानला जातो. २००१ मध्ये याच तारखेला ‘जम्बोकिंग’ या वडापाव साखळीची सुरुवात मुंबईत झाली होती. याउलट १० फेब्रुवारीचा जागतिक कडधान्य दिन संयुक्त राष्ट्रांच्या ठरावाने निश्चित झाला असून तो २०१९ पासून पाळला जातो.

लाभ कोणाला?

अशा दिनांवर कोणाचाही मालकी हक्क नसतो. त्यामुळे ज्याची पोहोच मोठी, त्याला प्रसिद्धीही अधिक मिळते. २०२३ च्या इडली दिनानिमित्त ‘स्विगी’ने मागील वर्षभरात ३ कोटी ३० लाख प्लेट इडली घरपोच दिल्याची आकडेवारी जाहीर केली. बंगळुरू, हैदराबाद आणि चेन्नई ही शहरे त्यात आघाडीवर होती. या आकड्यांच्या बातम्या देशभर झळकल्या. गल्लीतील इडलीवाल्याला मात्र आपल्या फलकावर आणि नेहमीच्या ग्राहकांवरच भिस्त ठेवावी लागते.

लहान दुकानांपुढील गणित

इडलीची विक्री सकाळी होत असली, तरी तिचा निर्णय आदल्या दिवशीच घ्यावा लागतो. तांदूळ व उडीद डाळ काही तास भिजवून वाटली जाते आणि पीठ रात्रभर आंबवले जाते. गर्दी अपेक्षेहून अधिक झाल्यास वाढीव पीठ ऐनवेळी तयार होत नाही. कमी झाल्यास मार्चअखेरच्या उकाड्यात उरलेले पीठ लवकर आंबट होते. त्यामुळे सरसकट सवलतीपेक्षा आगाऊ नोंदणी, ठरावीक वेळेपुरती सवलत किंवा त्या दिवसापुरता एखादा वेगळा प्रकार हे पर्याय लहान दुकानदारांसाठी कमी जोखमीचे ठरतात.

तारखेचाही विचार आवश्यक असतो. २०२५ मध्ये गुढीपाडवा आणि उगादी ३० मार्च रोजीच आले होते. अशा वेळी घरोघरी सणाचा स्वयंपाक असल्याने केवळ ‘दिना’च्या नावावर गर्दी खेचणे कठीण असते.

जाहिरातीचे नियम

केंद्र सरकारने जून २०२२ मध्ये दिशाभूल करणाऱ्या जाहिरातींविषयी मार्गदर्शक तत्त्वे लागू केली. त्यानुसार आमिष दाखवणाऱ्या जाहिरातीतील वस्तू जाहीर केलेल्या किमतीत पुरवता येईल, अशी वाजवी शक्यता असणे बंधनकारक आहे. साठा मर्यादित असल्यास तसे स्पष्ट करावे लागते. म्हणजेच ‘एका प्लेटवर एक मोफत’ असा फलक लावण्यापूर्वी पिठाचा अंदाज घेणे व्यवहाराइतकेच नियमाच्या दृष्टीनेही गरजेचे आहे.