रेषांचा पर्वत

स्वित्झर्लंडच्या दक्षिणेस, इटलीच्या सीमेवर, मॅटरहॉर्न हे 4,478 मीटर उंचीचे शिखर आहे. त्याच्या पायथ्याच्या झेरमाट गावी देशोदेशींचे लोक पायांना लांब, अरुंद पट्ट्या बांधून बर्फाच्या उतारावरून घसरण्याचा स्की हा खेळ खेळावयास जातात. अशा प्रदेशाचे एक निराळेच चित्र अलीकडे काढले जाते. त्यात झाड नाही, घर नाही. आहेत त्या केवळ वळणावळणाच्या रेषा.

उन्हाळ्यात तलावाचे पाणी उतरू लागले, म्हणजे काठावर एकाखाली एक खुणा उमटतात. एका खुणेवरील सर्व ठिकाणे सारख्याच उंचीवर असतात. नकाशावरील समोच्चरेषा अशीच असते. झेरमाट सुमारे 1,600 मीटरांवर, तर तारेवरून चालणाऱ्या पाळण्याचे सर्वांत उंच स्थानक 3,883 मीटरांवर आहे. दर 20 मीटरांस एक रेषा धरली, तरी या चढावर शंभराहून अधिक रेषा येतात!

एवढ्या रेषा हाताने काढण्याची चिकाटी कोणापाशी असणार? हे काम प्लॉटर नावाचे यंत्र करते. तेथील उंचीचे आकडे स्वित्झर्लंडच्या भूमापन खात्याने 2021 साली सर्वांस विनामूल्य खुले केले. त्यांवरून संगणक रेषांचा मार्ग ठरवितो, आणि यंत्राच्या चिमट्यातील खरीखुरी लेखणी त्या मार्गाने कागदावर फिरते.

अडचण येते ती कड्यांपाशी. चढ जितका उभा, तितक्या रेषा जवळ. प्रदेशातील अर्धा किलोमीटर कागदावर एक सेंटिमीटर मानला, तर 60 अंशांच्या कड्यावर दोन रेषांमध्ये पाव मिलिमीटरही अंतर उरत नाही. लेखणीचे टोक 0.3 मिलिमीटरांचे असले, तर शाई एकमेकींत मिसळते, ओला कागद फाटतो आणि पर्वताच्या जागी काळा डाग पडतो. म्हणून कागद मोठा घ्यावा की रेषा कमी कराव्यात, हे चित्रकारालाच ठरवावे लागते.

बर्फाखाली सारा डोंगर डोळ्यांना सारखाच पांढरा दिसतो. परंतु 30 ते 45 अंशांच्या उतारांवर हिमलोट कोसळण्याचे भय विशेष असते, आणि असे उतार जाणत्यास नकाशावरील रेषांच्या दाटीवरून ओळखता येतात.

स्वित्झर्लंडच्या सरकारी नकाशांत मातीवरील रेषा तपकिरी, खडकावरील काळ्या आणि हिमनदीवरील निळ्या असतात. चित्रातही तोच क्रम राखावयाचा, तर लेखणी बदलावी लागते. तपकिरी व काळ्या रेषा काढून झाल्या, की निळी लेखणी बसवितात. मग काठाशी थांबलेल्या रेषा हिमनदीवरून पुढे चालू लागतात.