लोहडीची रात्र

उत्तर गोलार्धातील सर्वांत मोठी रात्र २१ किंवा २२ डिसेंबरला येते. त्या दिवशी पुण्यात रात्र सुमारे तेरा तासांची असते. अमृतसरला ती चौदा तासांच्या घरात जाते. एका तासाचा हा फरक कागदावर क्षुल्लक वाटतो. परंतु पंजाबच्या सपाट मैदानावर धुके उतरले आणि दुपारपर्यंत सूर्याचे दर्शन होईनासे झाले, की त्या तासाचे मोल कळते. सूर्य दक्षिणेचा प्रवास संपवून माघारी वळला, याचा आनंद पंजाबी माणूस घरात बसून साजरा करीत नाही. तो घराबाहेर पडतो, गल्लीच्या तोंडाशी किंवा गावाच्या चव्हाट्यावर लाकडे रचतो आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांसह आगीभोवती रात्र जागवतो. या रात्रीला लोहडी म्हणतात. गंमत अशी, की ही रात्र डिसेंबरात येतच नाही. ती येते १३ जानेवारीच्या सुमारास, मकरसंक्रांतीच्या आदल्या दिवशी.

लोहडीची खरी सुरुवात मुले करतात. महाराष्ट्रात होळीसाठी पोरे दारोदार लाकडे आणि गोवऱ्या मागत हिंडतात, तशीच पंजाबातील मुलेमुली लोहडीपूर्वीचे काही दिवस गाणी म्हणत घरोघर जातात. कोणी सरपण देतो, कोणी गूळ, कोणी चार पैसे. जो काहीच देत नाही त्याची संभावनाही गाण्यातूनच होते, आणि ती सौम्य नसते! संध्याकाळी आग पेटली, की तीळ, गूळ, रेवड्या, भुईमुगाच्या शेंगा आणि मक्याच्या लाह्या तिच्यात टाकावयाच्या, प्रदक्षिणा घालावयाची आणि उरलेले सर्वांनी वाटून खावयाचे. मग ढोल सुरू होतो. ज्या घरी त्या वर्षी लग्न झाले असेल किंवा मूल जन्मले असेल, त्या घरच्या लोहडीचा थाट विशेष असतो. फार काळ हा मान मुलग्याच्या जन्मालाच मिळत असे. गेल्या काही दशकांत पंजाबात मुलींच्या जन्माचीही लोहडी जाहीरपणे साजरी होऊ लागली आहे. ज्या प्रांतात मुलींच्या घटत्या प्रमाणाने चिंता निर्माण केली, तेथे या बदलाला केवळ हौस म्हणता येणार नाही.

या रात्रीच्या सर्वांत लोकप्रिय गाण्याचा नायक दुल्ला भट्टी हा होय. पिंडी भट्टियाँ हे त्याचे गाव आज पाकिस्तानात आहे. अकबराच्या कारकीर्दीत त्याने मोगल सत्तेविरुद्ध बंड केले आणि १५९९ साली लाहोरला त्याला फाशी देण्यात आले. लोककथा सांगते, की जुलमी अंमलदारांच्या तावडीत सापडणाऱ्या गरीब मुलींना तो सोडवी आणि रानात अग्नीच्या साक्षीने त्यांची लग्ने लावून देई. कन्यादानाला जवळ काही नसे, म्हणून तो त्यांच्या ओटीत साखर घाली. कथेतील इतिहास किती आणि कल्पना किती, हा प्रश्न पंडितांचा. एका मुसलमान राजपुताचे नाव हिंदू आणि शीख मुले चार शतके आगीभोवती घेत आली, ही गोष्ट मात्र निर्विवाद आहे. १९४७च्या फाळणीने दुल्ल्याची कबर लाहोरच्या मियानी साहिब दफनभूमीत राहिली आणि त्याचे गाणे निर्वासितांबरोबर दिल्लीला, तेथून मुंबईच्या शीव कोळीवाड्यापर्यंत आले. उल्हासनगरच्या सिंधी वस्तीत याच संध्याकाळी ‘लाल लोई’ची आग पेटते, तीही अशीच घर सोडून आलेली.

आता मूळ कोड्याकडे वळू. उत्तरायणाचा उत्सव उत्तरायणानंतर तीन आठवड्यांनी का? याचे उत्तर अयनचलनात आहे. पृथ्वीचा आस भोवऱ्याच्या दांडीप्रमाणे अतिशय संथ गतीने डोलतो आणि त्यामुळे अयनबिंदू ताऱ्यांच्या संदर्भात हळूहळू मागे सरकतात. ऋतूंचे वर्ष ताऱ्यांच्या वर्षापेक्षा सुमारे वीस मिनिटांनी लहान भरते. वीस मिनिटे म्हणजे काहीच नव्हे. पण साठत साठत सुमारे ७१ वर्षांत त्यांचा एक दिवस होतो. बहुतेक पंचांगे ताऱ्यांचे, म्हणजे निरयन वर्ष मानतात. साहजिकच संक्रांत ऋतूपासून दूर सरकत जाते. सुमारे सतराशे वर्षांपूर्वी सूर्याचा मकरप्रवेश आणि त्याचे उत्तरेकडे वळणे एकाच दिवशी होत होते. आज त्यांत चोवीस दिवसांचे अंतर पडले आहे. प्राचीनांना हे ठाऊक नव्हते असे नाही. पूर्वी धनिष्ठांच्या आरंभी होणारे उत्तरायण आपल्या काळी मकरारंभी होते, असे वराहमिहिराने सहाव्या शतकात स्पष्ट नमूद केले आणि खात्री करून घ्यावयाची तर छाया मोजून पाहा, असेही सुचविले.

छाया मोजण्याचा हा आग्रह महाराष्ट्रात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात पुन्हा जागा झाला. विसाजी रघुनाथ लेले, जनार्दन बाळाजी मोडक आणि शंकर बाळकृष्ण दीक्षित यांनी सायन पंचांगाची बाजू घेतली. त्यांच्या मते संक्रांत डिसेंबरातच केली पाहिजे. लोकमान्य टिळक निरयन पक्षाचे, परंतु गणित शुद्ध करावे या मताचे होते. टिळक पंचांग पाळणारी कुटुंबे आजही १० जानेवारीच्या सुमारास संक्रांत करतात. पुढे १९५२ साली डॉ. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखाली पंचांग सुधारणा समिती नेमली गेली. तिच्या अहवालानुसार २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका सुरू झाली आणि त्या दिनदर्शिकेत पौषाचा पहिला दिवस २२ डिसेंबरला, म्हणजे खऱ्या उत्तरायणाला बांधलेला आहे. धार्मिक सणांच्या बाबतीत समितीने तडजोड पत्करली : झालेले अंतर तसेच राहू द्यावे, मात्र ते यापुढे वाढू देऊ नये. आकाशवाणीने शक दिनांक घरोघर ऐकविला, तरी लोकांनी सण हलविले नाहीत. पंजाबातही तोच अनुभव आला. २००३ साली स्वीकारलेल्या नानकशाही दिनदर्शिकेने माघाचा आरंभ १३ जानेवारीला कायमचा बांधला. २०१०च्या दुरुस्तीत संक्रांती पुन्हा जुन्या विक्रमी गणनेकडे गेल्या.

लोकांच्या या हट्टाला थंडीचाही आधार आहे. सर्वांत मोठी रात्र ही सर्वांत थंड रात्र नसते. जमीन आणि हवा निवत जाण्यास वेळ लागतो, म्हणून उत्तर भारतात हिवाळ्याचा कडाका जानेवारीत जाणवतो. त्यातही अमृतसरला सर्वांत उशिरा होणारा सूर्योदय डिसेंबरात नसून जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात असतो. लोहडीपर्यंत दिवस दहा-बारा मिनिटांनी वाढलेला असतो खरा, पण शेतकऱ्याला पहाटे त्याचा काहीच प्रत्यय येत नाही. त्याला आगीची गरज याच वेळी असते आणि ऊस गाळणे चालू असल्याने ताजा गूळही याच वेळी मुबलक असतो.

त्या थंडीची एक आठवण मराठी भाषेत घर करून राहिली आहे. पानिपतावर संक्रांतीच्या दिवशीच संक्रांत कोसळली, असे सर्रास म्हटले जाते. लढाई झाली १४ जानेवारी १७६१ रोजी. वर सांगितलेला हिशेब मागे नेला, तर त्या वर्षीची संक्रांत तीन-चार दिवस आधीच होऊन गेली होती, असे निघते. उपाशी फौजेने ती कशी काढली असेल, याची कल्पनाच केलेली बरी.

लोहडीच्या रात्री अनेक घरी उसाच्या रसात तांदूळ शिजत ठेवतात. ही खीर पौषात रांधावयाची आणि माघात खावयाची, अशी रीत आहे. कारण पंजाबी महिने सौर असल्याने दुसऱ्या दिवशी, संक्रांतीलाच, माघ लागतो. त्या सकाळी मुक्तसरला माघीची मोठी जत्रा भरते. आणि माघाच्या दुसऱ्या दिवशी गुरदासपूर जिल्ह्यातील घुमान गावी लोक जमतात ते संत नामदेवांसाठी. त्यांची एकसष्ट पदे गुरू ग्रंथसाहिबात आहेत आणि त्यांचे अखेरचे दिवस घुमानलाच गेले, अशी तेथील श्रद्धा आहे. पंढरपुरात नामदेवांची पुण्यतिथी आषाढ वद्य त्रयोदशीला, भर पावसात येते. घुमानला ती लोहडीची राख निवते न निवते तोच, हिवाळ्याच्या धुक्यात साजरी होते. एप्रिल २०१५मध्ये अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन याच गावी भरले, तेव्हा तेथे गहू पिवळा पडू लागला होता.