अंक दिसतो, पण वाचता येतो का?

गेल्या वर्षी आपल्या मंडळाचा ई-अंक निघाला तेव्हा सगळ्यांनी कौतुक केलं. माझ्या वर्गातल्या एका मैत्रिणीला मात्र तो वाचताच आला नाही. तिला दिसत नाही. ती लॅपटॉपवर एनव्हीडीए हा मोफत स्क्रीन रीडर वापरते. तो पडद्यावरचा मजकूर मोठ्याने वाचतो. आमच्या अंकातून तिला ऐकू आली इंग्रजी अक्षरांची निरर्थक माळ. त्यात तिची स्वतःचीही कविता होती.

चूक आमचीच. आम्ही युनिकोडच्या आधीचा जुना फाँट वापरला होता. अशा फाँटमध्ये डोळ्यांना देवनागरी दिसते, पण फाइलच्या आत रोमन अक्षरं आणि चिन्हंच असतात. स्क्रीन रीडर अक्षराचा आकार पाहत नाही, आत साठवलेलं वाचतो. स्कॅन करून टाकलेल्या दोन कथा तर नुसती चित्रं! तिथे तो गप्पच बसला.

नियम नाहीत असं नाही. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम २०१६ सालचा आहे. ३० एप्रिल २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सुविधा वापरता येणं हा संविधानाच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग मानला. धोरण आपल्या कॉलेजकडेही आहे. पण त्यात ‘ही सर्वांची जबाबदारी’ असं लिहिलंय, आणि सर्वांची म्हणजे कुणाचीच नाही.

म्हणून यंदा आम्ही कामं नावानिशी वाटली. लेखकाने युनिकोडमध्येच टाइप करायचं. संपादकाने शीर्षक नुसतं ठळक न करता त्याला ‘हेडिंग’ शैली लावायची; मग ऐकणाऱ्याला एका लेखावरून दुसऱ्यावर उडी मारता येते. फाइलची भाषा मराठी अशी नोंदवायची, नाहीतर तोच मजकूर हिंदी वळणाने वाचला जाण्याची शक्यता असते. चित्र देणाऱ्याने त्याचं वर्णन सोबत द्यायचं. मांडणी करणाऱ्याने अक्षर आणि पार्श्वभूमी यांच्यातला फरक किमान ४.५ : १ ठेवायचा, डब्ल्यूसीएजी या जागतिक निकषांत साध्या आकाराच्या मजकुरासाठी हेच प्रमाण आहे.

तपासणीचं सॉफ्टवेअर आहे, पण तेवढ्यावर विसंबू नका. वर्णनाच्या जागी ‘चित्र १’ लिहिलं तरी ते खूश होतं! म्हणून आम्ही आधी पडदा बंद करून अंक स्वतः ऐकतो आणि मगच मैत्रिणीला देतो. आमच्या चुका शोधत बसणं हे काही तिचं काम नाही.

हेच कॉलेजभर करता येईल. ऑफिसने नोटिशीचा फोटो न पाठवता मजकूर पाठवावा. ग्रंथालयाने स्कॅन केलेल्या पुस्तकांतली अक्षरं ओळखून घ्यावीत. नवं सॉफ्टवेअर घेताना ते स्क्रीन रीडरवर चालतं का, हे पैसे देण्याआधीच विचारावं. नंतरची डागडुजी महाग पडते.

यंदाचा अंक मैत्रिणीने परवा ऐकला. लगेच तिचा फोन आला, ‘‘अगं, माझ्या कवितेच्या चौथ्या ओळीत एक शब्द गाळलात तुम्ही!’’

मुद्रितशोधनाची चूक ऐकून एवढा आनंद मला कधी झाला नव्हता.